सालिनासचे मिठाचे झरे (बांबांग, नुएवा विस्काया, फिलिपिन्स): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, समुद्र दिसतही नाही अशा डोंगराळ मुलखात खारट पाण्याचे झरे आहेत, आणि त्यांच्या पाण्याने थरावर थर चढवून उभा केलेला एक पांढरा उंचवटा. त्यांच्याबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे ठिकाण नेमकं कुठे येतं?

लुझोनच्या उत्तर भागात नुएवा विस्काया नावाचा प्रांत आहे. त्याला समुद्रकिनारा अजिबात नाही. मनिलाहून उत्तरेला सुमारे २५० किलोमीटरवर, माहार्लिका महामार्गावर बांबांग ही नगरपालिका लागते आणि सालिनास हा तिच्यातला एक बारांगाय. बारांगाय म्हणजे तिथल्या कारभाराचं सगळ्यात लहान एकक, आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपास जाणारं. 'नगरपालिका' म्हटल्यावर मात्र आपल्याकडचं शहर डोळ्यांसमोर आणू नका. तिथल्या नगरपालिकेत बाजारपेठेचं गाव असतं, तशीच भातखाचरं, डोंगर आणि लांबलांबच्या वाड्याही असतात. जवळून मागात नदी वाहते. प्रांताचं मुख्यालय बायोम्बोंग तिथून पुढे, अर्ध्या तासाच्या आत.

गावात इलोकानो सर्रास चालते. इथल्या मूळच्या लोकांची इसिनाय भाषा आता बांबांग, आरिताव आणि दुपाक्स देल सूर एवढ्याच भागात उरली आहे, आणि तीही आटत चालली आहे. पश्चिमेच्या डोंगरांत कालांगुया लोक राहतात. 'सालिनास' हे स्पॅनिश नाव, अर्थ मिठाची जागा. इलोकानोत आणि तागालोगमध्ये मिठाला 'आसिन' म्हणतात.

२. नकाशात 'बांबांग' टाकलं तर मनिलाच दाखवतं. काय चुकतंय?

चूक तुमची नाही. मनिलात बांबांग नावाचा रस्ता आहे, वैद्यकीय सामानाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. पासिग आणि तागिगमध्येही त्याच नावाचे बारांगाय आहेत. 'सालिनास'चा घोळ तर आणखी मोठा, कारण कावीते प्रांतातल्या रोसारिओ या किनाऱ्यावरच्या गावाचं जुनं नाव सालिनासच होतं आणि तिथली धुरी दिलेली मासळी अजून त्याच नावाने ओळखली जाते. बेंगेत प्रांतात 'आसिन' नावाचे गरम पाण्याचे झरे आहेत, तेही वेगळे. शोधताना आणि तिकीट काढताना 'बांबांग, नुएवा विस्काया' एवढं पूर्ण नाव घ्या.

३. समुद्र एवढा लांब, मग पाणी खारट कसं?

समुद्रापासून लांबच्या झऱ्याला मीठ दोन वाटांनी मिळतं. जमीन वर उचलली जाण्याआधी समुद्रतळावर साचलेल्या गाळाच्या खडकांत जुनं खारं पाणी कोंडून राहतं, ही एक वाट. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खाली क्षार असलेल्या थरांतून फिरतं आणि क्षार विरघळवून घेऊन वर येतं, ही दुसरी. खोलवर तापलेलं पाणी जास्त क्षार उचलतं, म्हणून खारट झरे पुष्कळदा कोमट किंवा गरमही असतात. आपल्याकडे वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंतच्या गरम झऱ्यांच्या पाण्यातही क्लोराइडचे क्षार सापडतात.

दोन्ही वाटांनी निष्पन्न एकच होतं. झरा म्हणजे फक्त तोंड, आणि पोट डोंगराच्या आत आहे. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

४. तो पांढरा उंचवटा म्हणजे मिठाचाच डोंगर ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. मीठ एवढं सहज विरघळतं की उघड्यावरचा मिठाचा ढिगारा त्या पावसात एक मोसमही टिकणार नाही. टिकतो तो चुना. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेला असतो आणि त्याच्या जोरावर चुनखडी पाण्यात धरून ठेवलेली असते. पाणी उघड्यावर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू निघून जातो आणि चुनखडी जागच्या जागी बसते. पाणी उतारावरून पसरत जातं तसतशी थरावर थर चढून पायऱ्या, कंगोरे आणि उथळ थाळ्या तयार होतात. मीठ त्यावर कोरड्या दिवसांत पिठासारखं फुलतं आणि पहिल्या सरीबरोबर निघून जातं.

फरक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या थरावर लिंबू पिळलं आणि तो फसफसला तर चुनखडी. नुसता विरघळून पाणी झाला तर मीठ. (हा प्रयोग घरी नळाला किंवा गीझरमध्ये साचलेल्या पांढऱ्या थरावर करा. तिथल्या खडकावर करायचा नाही, कारण प्रश्न ११.)

५. जुन्या वर्णनांत हा उंचवटा लांबून बर्फासारखा चमकतो. आता तसा दिसतो का?

तेवढी अपेक्षा ठेवून जाऊ नका. १६ जुलै १९९० रोजी लुझोनमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. फिलिपाइन प्रस्तरभंगाचा दिगदिग हा फाटा सरकला आणि शेजारच्या दाल्तोन खिंडीत दरडी कोसळून रस्ता बंद पडला. झऱ्यांचं पाणी रोडावलं ते या भूकंपानंतर, असं सांगितलं जातं. असं होण्यात नवल काही नाही. झरा ज्या भेगांतून येतो त्या केसाएवढ्या अरुंद असतात. जमीन हलली की काही मिटतात, काही नव्या उघडतात, आणि पाणी दुसरीकडे वाट काढतं किंवा खालीच राहतं.

पाणी थांबलं की पांढरेपणाही जातो. चुनखडीचा थर पांढरा राहतो तो वरून सतत नवा थर चढत असतो म्हणून. कोरडा पडलेला भाग दोनचार पावसाळ्यांत शेवाळाने करडा होतो, मग भेगांत गवत धरतं.

६. 'नॅचरल मॉन्युमेंट' म्हणजे काय? दोनचार झऱ्यांसाठी हजारो हेक्टर कशाला?

फिलिपिन्समध्ये १९९२ साली संरक्षित क्षेत्रांचा कायदा झाला, रिपब्लिक ॲक्ट ७५८६. त्यात संरक्षित क्षेत्रांचे प्रकार ठरवले आहेत आणि 'नॅचरल मॉन्युमेंट' हा त्यांपैकी एक, राष्ट्रीय महत्त्वाच्या एखाद्या निसर्गनिर्मित वैशिष्ट्यासाठीचा. सालिनासला हा दर्जा २००० साली राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने मिळाला. क्षेत्र सुमारे ६,६७५ हेक्टर. २०१८ च्या रिपब्लिक ॲक्ट ११०३८ ने अशा क्षेत्रांचे नियम आणखी कडक केले.

हजारो हेक्टर यासाठी की नुसत्या झऱ्याला कुंपण घालून झरा वाचत नाही. पाणी मुरतं ते वरच्या जंगलात. तिथे झाडं गेली की पाऊस मुरण्याऐवजी माती घेऊन खाली धावतो, झऱ्याला मिळणारं पाणी घटतं आणि गाळ थेट पायऱ्यांवर येऊन बसतो. दुसरं कारण जळणाचं आहे, आणि आमच्या मते तेच जास्त बोलकं आहे. त्याचा हिशेब प्रश्न ९ मध्ये.

७. असल्या पाण्यापासून मीठ करतात तरी कसं?

इथे पद्धत सांगतो ती खारं पाणी उकळण्याची सर्वसाधारण पद्धत. आकडे समुद्राइतक्या, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असलेल्या, १०० लिटर पाण्याचे आहेत.

पाणी आधी रात्रभर स्थिर ठेवून गाळ बसू देतात आणि वरचं पाणी कापडातून गाळून घेतात. गुऱ्हाळातल्या काहिलीसारखं पसरट, उथळ भांडं लागतं, कारण वाफ निघते ती पृष्ठभागावरून. उंच पातेल्यात तेच काम जास्त वेळ खातं. तापू लागलं की पाणी गढुळतं आणि पांढरट मळी येते. ही चुनखडी, ती झाऱ्याने काढून टाकायची. पाणी आटून साधारण २० लिटर राहिलं की तळाला आणि कडांना टणक खवले धरतात. ती चिरोडी, म्हणजे जिप्सम. ते खवले मिठात मिसळले तर मीठ दाताखाली कचकचतं, म्हणून या टप्प्यावर पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेणं चांगलं.

१० लिटरच्या आसपास पृष्ठभागावर साय धरल्यासारखी चमक दिसते. हे मिठाचे पहिले कण. इथून पुढे जाळ कमी करायचा. जाळ मोठा राहिला तर कण बारीक, पिठासारखे येतात, मीठ तळाला लागतं आणि तडतडून बाहेर उडतं. मंद आचेवर खडे येतात. खाली बसलेलं मीठ कडेला ओढून टोपलीत काढायचं आणि टोपली टांगून ठेवायची.

दोन ते तीन लिटर पाणी उरलं की थांबायचं. शेवटचं पाणी आटवण्याचा मोह आवरला नाही तर काय होतं, ते पुढच्या प्रश्नात. एकूण हाती येतं ते सव्वादोन किलोच्या आसपास.

८. आम्ही खाडीचं पाणी उकळून पाहिलं. मीठ कडू झालं आणि दोन दिवसांत पाझरलं. का?

कारण शेवटचं पाणी आटवलंत. खाऱ्या पाण्यातले क्षार एकदम बाहेर पडत नाहीत, रांगेने पडतात. आधी चुनखडी, मग चिरोडी, मग मीठ, आणि अगदी शेवटी मॅग्नेशियमचे आणि पोटॅशियमचे क्षार. कडवटपणा या शेवटच्यांचा, आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं म्हणून मीठ पाझरतं. त्यामुळे शेवटचं पाणी फेकायचं आणि टोपलीतलं मीठ निदान एक दिवस निथळू द्यायचं. बिघडलेलं मीठ सुधारता येतं: त्यावर मिठाचंच संपृक्त पाणी थोडं थोडं ओतून पुन्हा निथळवा. साधं पाणी ओतलंत तर कडूपणाबरोबर मीठही वाहून जाईल.

करडा रंग आला असेल तर तो राखेचा. काहिलीवर वारा येणारी बाजू झाका.

९. मग लोक अजून घरोघरी असं मीठ का करत नाहीत?

जळणामुळे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता खातं. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल असतात, पण उघड्या चुलीवर त्यातले १५ टक्केच भांड्यात पोचतात, बाकी हवेत. म्हणजे लिटरभर पाणी उडवायला एक किलोहून थोडं जास्तच लाकूड. प्रश्न ७ मधले ९७ लिटर उडवायला ११० किलो. सव्वादोन किलो मिठासाठी ११० किलो सरपण!

झरा खारट जितका जास्त तितका हा भार हलका. त्याच १०० लिटरांत १५ टक्के मीठ असेल तर तेवढ्याच लाकडात सोळा किलोच्या आसपास मीठ निघतं. झऱ्याचा खारेपणा निम्मा झाला की किलोमागचं सरपण जवळजवळ दुप्पट होतं आणि कुऱ्हाड वरच्या जंगलावर चालते, ज्या जंगलामुळे झरा आहे त्याच जंगलावर.

पूर्वी हे परवडत होतं, कारण डोंगरातल्या माणसाला मिठाला दुसरा पर्याय नव्हता. उत्तर लुझोनच्या डोंगराळ भागात डुकराचं मांस मीठ लावून टिकवतात, त्याला एताग म्हणतात. किनारा कित्येक दिवसांच्या वाटेवर असताना मिठाशिवाय मांस टिकणार कसं? महामार्ग झाला, समुद्राचं मीठ पोत्याने येऊ लागलं, आणि हा हिशेब मोडला.

१०. कोकणातल्या मिठागरासारखं उन्हातच का वाळवत नाहीत?

मिठागराला तीन गोष्टी लागतात: सपाट चिकणमातीची जमीन, भरतीबरोबर फुकट आत येणारं पाणी, आणि सलग कोरडे महिने. उरण, पेण, भाईंदरच्या बाजूला किंवा गोव्याच्या खाजणांत हे तिन्ही जुळतं. डोंगरउतारावर जमीन सपाट नाही, पाण्याची धार बारीक, आणि हवा दमट. पेरूमधल्या मारास इथे झऱ्याचं पाणी डोंगरउतारावरच्या हजारो वाफ्यांत वाळवतात हे खरं, पण तिथला हिवाळा कोरडा ठणठणीत असतो. शिवाय सालिनासला वाफे खोदायचे म्हणजे त्याच पायऱ्या फोडायच्या.

११. तिथून एखादा पांढरा खडा किंवा बाटलीभर पाणी आणलं तर चालेल?

खडा नाही. संरक्षित क्षेत्रातल्या निसर्गसुंदर वस्तूंची मोडतोड किंवा विद्रूपीकरण हा १९९२ च्या कायद्यातच गुन्हा आहे. परवान्याशिवाय झाडं किंवा प्राणी जवळ बाळगणं, यंत्रं वापरणं, कचरा टाकणं, धंदा मांडणं, हद्दीचे फलक हलवणं हेही त्याच यादीत येतं. शाळा-कॉलेजसाठी नमुना हवा असेल तर तोंडी परवानगीवर विसंबू नका. बायोम्बोंगमधल्या पर्यावरण व नैसर्गिक संसाधन विभागाच्या प्रांतीय कार्यालयातून लेखी घ्या. पाण्यालाही हेच लागू.

थरावर चालूही नका. वरून दगड वाटतो, पण नवा थर अंड्याच्या कवचासारखा असतो. एका पावलाने कड फुटली की पाणी तिथून वाट काढतं आणि खालची अख्खी पायरी कोरडी पडते.

१२. गावकऱ्यांनाही हेच नियम आहेत का? त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे ना ते?

सरसकट नाही. संरक्षित क्षेत्राचे विभाग पाडतात. कडक संरक्षणाच्या विभागात जवळजवळ सगळ्याला मनाई असते, तर बहुउपयोगी विभागात वस्ती, शेती आणि पारंपरिक उपजीविका आराखड्यानुसार चालू शकते. क्षेत्र जाहीर होण्याआधी किमान पाच वर्षं सलग तिथे राहून पोटासाठी त्याच जमिनीवर अवलंबून असलेल्यांना कायद्यात वेगळी ओळख आहे. आदिवासी समाजांच्या वडिलोपार्जित भूमीच्या हक्कांसाठी १९९७ चा स्वतंत्र कायदा आहे, रिपब्लिक ॲक्ट ८३७१. निर्णय घेतं ते संरक्षित क्षेत्राचं व्यवस्थापन मंडळ, ज्यात सरकारी खात्यांबरोबर स्थानिक शासनाचे आणि आदिवासींचे प्रतिनिधी बसतात. थोडक्यात, गावातला माणूस सरपण नेताना दिसला म्हणून पाहुण्याला फांदी तोडायची मुभा मिळत नाही.

१३. झऱ्याचं मीठ समुद्राच्या मिठापेक्षा औषधी असतं का?

मीठ ते मीठच. चवीतला फरक उरलेल्या मॅग्नेशियमचा आणि चिरोडीचा. एक गोष्ट मात्र त्यात हमखास कमी असते, ती आयोडीन. फिलिपिन्समध्ये मिठात आयोडीन घालण्याचा कायदा १९९५ साली झाला आणि त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून शब्द केला 'आसिन'! (सरकारी कायद्याचं नाव एवढं चपखल क्वचितच बसतं.) भारतात दुकानातल्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन लागतं. डोंगराळ भागात गलगंड जास्त आढळतो, त्यामुळे रोजच्या वापराला असलं मीठ नको.

झऱ्याचं पाणी पिऊही नका. खोलवरून येणाऱ्या पाण्यात आर्सेनिक आणि बोरॉन असू शकतं, आणि ते ना दिसतं ना चवीला कळतं.

१४. पाणी किती खारट आहे हे उपकरणाशिवाय कसं ओळखायचं?

ताजं अंडं समुद्राच्या पाण्यात बुडतं आणि साधारण १० ते ११ टक्के मीठ झालं की तरंगू लागतं. अंडं शिळं असेल तर ते साध्या पाण्यातही तरंगतं आणि तुम्हाला फसवतं, म्हणून आधी साध्या पाण्यात टाकून पाहा. वजनकाटा असेल तर आणखी चांगलं: लिटरभर समुद्राचं पाणी सुमारे १,०२५ ग्रॅम भरतं, आणि आणखी मीठ विरघळणार नाही असं संपृक्त पाणी सुमारे १,२०० ग्रॅम.

१५. मुंबई-पुण्याहून जायचं कसं? व्हिसा लागतो का?

८ जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश आहे. मुदत वाढवून मिळत नाही. मुक्कामानंतर निदान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, राहण्याचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि पैशांचा पुरावा जवळ ठेवा. पोचण्याआधीच्या ७२ तासांत 'ई-ट्रॅव्हल' नोंदणी करायची असते आणि ती फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी समजा. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दूतावासाची सूचना वाचा.

मनिलाच्या कुबाव भागातून तुगेगाराव, सांतियागो किंवा सोलानोला जाणारी बस घ्या आणि कंडक्टरला आधीच 'बांबांग, नुएवा विस्काया' सांगून ठेवा. सहा-सात तास धरा. सांता फे, मग आरिताव, मग बांबांग. सोलानो दिसलं तर तुम्ही पुढे आलात. गावातून सालिनासला ट्रायसिकल ठरवावी लागते, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल. भाडं आधी बोला, आणि थांबून परत आणण्यासकट बोला, कारण परतीला तिथे गाडी उभी नसते.

पहिल्यांदा नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन नोंद करा. शनिवार-रविवारी कार्यालय बंद असतं आणि त्यात निम्मे लोक अडकतात.

१६. कोणत्या महिन्यांत जावं?

जानेवारी ते एप्रिल. पाऊस नसल्याने मिठाचं फुलणं दिसतं (प्रश्न ४) आणि वाट कोरडी असते. जुलै ते ऑक्टोबर चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा दाल्तोन खिंडीत दरडी कोसळतात आणि बस तासन्‌तास अडकते. ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा, अख्खा देश गावी निघालेला असतो.

१७. शाकाहारी जेवण मिळेल का?

भाज्यांची ददात नाही. प्रांताचा मोठा भाजीबाजार बांबांगमध्येच आहे आणि डोंगरातला माल तिथूनच मनिलाला जातो. अडचण फोडणीची आहे. पिनकबेत ही वांगी, कारली, भेंडी, भोपळ्याची इलोकानो भाजी नावाला शाकाहारी, पण तिच्यात मासळी किंवा कोळंबी मिठात मुरवून केलेलं बागोओंग हमखास असतं. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. 'वालांग बागोओंग, वालांग पातिस, वालांग कार्ने' असं सांगा: बागोओंग नको, मासळीचं पाणी नको, मांस नको. एवढं सांगूनही कधीतरी वर सुकी कोळंबी भुरभुरलेली येते, तेव्हा ताट हातात आल्यावर एकदा बघून घ्या.

१८. ड्रोन उडवता येईल का?

व्यवस्थापन मंडळाच्या परवान्याशिवाय नाही, तो यंत्रात मोडतो (प्रश्न ११). विमान वाहतुकीचे नियम त्याशिवाय वेगळे पाळावे लागतात. प्रवासाला निघण्याच्या निदान महिनाभर आधी अर्ज करा, गेटवर उभं राहून परवाना मिळत नाही.